एरेन येगर बरोबर होता का? ‘ॲटॅक ऑन टायटन’चा वाद आणि तिवशाच्या आसपासची जुनी उत्तरं

‘ॲटॅक ऑन टायटन’ या ॲनिमेचा शेवटचा भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. त्याला आता बराच काळ लोटलाय, पण एक भांडण काही संपत नाही. एरेन येगर हिरो की व्हिलन?

रील असो, मीम असो, कुठलीही पोस्ट असो, खाली दोन गट हमखास भेटतात. एक म्हणतो, “त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं.” दुसरा म्हणतो, “जगातली ८० टक्के माणसं मारणाऱ्याला हिरो कसं म्हणता?” मग दोन्हीकडून क्लिप्स पडतात, एकमेकांची अक्कल काढली जाते आणि वाद जिथल्या तिथेच राहतो.

तो का संपत नाही? कारण दोन्ही गट एकाच प्रश्नाचं उत्तर देत नसतात. त्यांच्यासमोर तीन वेगवेगळे प्रश्न असतात आणि ते एकाच वाक्यात गुंडाळलेले असतात. हे तीन प्रश्न वेगळे कसे करायचे, हे समजून घ्यायला जपानपर्यंत जायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात आणि त्याच्या आसपास त्याची चांगली उदाहरणं सापडतात. काही पुराणातली आहेत, एक रंगभूमीवरचं आहे आणि एक थेट १९४२ सालचं.

(पुढे ‘ॲटॅक ऑन टायटन’चा शेवट सांगितलेला आहे. मालिका पाहायची बाकी असेल तर आधी ती पाहून या.)

एरेनने नेमकं केलं काय?

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हाजिमे इसायामा यांची ही मांगा मालिका २००९ ते २०२१ या काळात प्रसिद्ध झाली. ॲनिमे २०१३ मध्ये सुरू झालं.

पॅराडिस नावाच्या बेटावर उंच भिंतींच्या आत माणसं राहतात. बाहेर माणसं खाणारे टायटन फिरतात. एक दिवस भिंत फुटते आणि लहानग्या एरेनच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला टायटन खातो. इथपर्यंत हिशेब सोपा आहे. टायटन वाईट, एरेन चांगला.

पुढे कळतं की भिंत फोडणारे राक्षस नव्हते, एरेनच्याच वयाची मुलं होती. मार्ले नावाच्या बलाढ्य देशाने त्यांना सैनिक बनवून पाठवलं होतं. ही मुलंही एरेनच्याच वंशाची, म्हणजे एल्डियन. मार्लेमध्ये एल्डियन लोकांना दंडावर पट्टी बांधून कुंपणाआडच्या वस्तीत राहावं लागतं. पूर्वजांच्या पापांची शिक्षा म्हणून जग त्यांचा द्वेष करतं. आणि आता सगळ्या जगाने मिळून पॅराडिस नष्ट करायचं ठरवलंय.

यावर एरेन दोन गोष्टी करतो. आधी तो लिबेरिओ वस्तीतल्या कार्यक्रमावर हल्ला करतो. त्यात सामान्य माणसं आणि मुलंही मरतात. मग तो भिंतींमध्ये गाडलेले असंख्य महाकाय टायटन जागे करतो आणि त्यांना बेटाबाहेरच्या जगावर सोडतो. यालाच ‘रंबलिंग’ म्हणतात. त्याचे मित्रच त्याला थांबवतात, शेवटी मिकासा त्याला मारते. पण तोवर बाहेरच्या जगातली ८० टक्के माणसं पायदळी चिरडून मेलेली असतात.

एका प्रश्नात लपलेले तीन प्रश्न

“एरेन बरोबर होता का?” हे वाक्य सुटं केलं की त्यातून हे प्रश्न निघतात.

पहिला, तो असं का वागला हे समजतं का?

दुसरा, त्याने केलं ते योग्य होतं का?

तिसरा, अशा माणसाचं काय करायचं? शिक्षा, माफी की आणखी काही?

“तुम्हीही हेच केलं असतं” म्हणणारा पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणत असतो. “८० टक्के माणसं मारली” म्हणणारा दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणत असतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण या उत्तरांचा एकमेकांशी झगडाच नाही. गडबड तेव्हा होते, जेव्हा पहिल्या प्रश्नाचं ‘हो’ उचलून दुसऱ्याच्या जागी बसवलं जातं. त्याचं दुःख खरं आहे, म्हणून त्याचं कृत्यही बरोबर आहे, असं म्हटलं जातं तेव्हा.

हा फरक म्हणजे नुसता शब्दांचा खेळ नाही. आपला फौजदारी कायदाही तो पाळतो.

कायदा हा फरक कसा करतो?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. आधीच्या भारतीय दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना केलेली हिंसा या हक्कात बसली तर तो गुन्हाच ठरत नाही. काही प्रसंगांत हल्लेखोराचा जीव गेला तरीही.

पण या हक्काला मर्यादा आहेत. धोका आहे असं वाटायला वाजवी कारण हवं आणि तो तोंडावर आलेला हवा. सरकारी यंत्रणेकडे जाऊन संरक्षण मागायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. आणि बचावासाठी जेवढी गरज आहे त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही.

दुसरा प्रकार आहे गंभीर आणि अचानक चिथावणीचा. कुणी इतकं भडकवलं की माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्या भरात त्याने जीव घेतला, तर न्यायालय तो खून न मानता त्याहून सौम्य गुन्हा मानू शकतं. इथे कायदा “तू केलंस ते बरोबर” असं म्हणत नाही. गुन्हा झालाच, पण माणूस त्या स्थितीत का पोहोचला हे लक्षात घेतो, एवढंच तो म्हणतो.

तिसरा प्रकार दयेचा. राज्यघटनेच्या कलम ७२ आणि १६१ नुसार राष्ट्रपती आणि राज्यपाल शिक्षा कमी करू शकतात किंवा माफ करू शकतात. इथे गुन्हा सिद्ध झालेला असतो. तरीही शिक्षेचा विचार वेगळा करता येतो.

म्हणजे ‘गुन्हाच नाही’, ‘गुन्हा आहे पण समजण्यासारखा’ आणि ‘गुन्हा आहे, तरी दया’ असे तीन वेगळे कप्पे झाले. सोशल मीडियावर हे तिन्ही एकाच पिशवीत कोंबले जातात.

कौंडण्यपूर: जिंकल्यावर कुठे थांबायचं?

आता तिवसा तालुक्यात येऊ. इथे वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर आहे. हे रुक्मिणीचं माहेर मानलं जातं. आषाढी वारीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते.

रुक्मिणीहरणाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातला एक भाग फारसा सांगितला जात नाही. श्रीकृष्ण रुक्मिणीला घेऊन निघतो, तेव्हा तिचा भाऊ रुक्मी सैन्य घेऊन पाठलाग करतो. लढाईत तो हरतो आणि कृष्ण त्याला मारायला तलवार उगारतो. रुक्मिणी विनवते. भागवताच्या दशम स्कंधात सांगितलंय की कृष्ण मग त्याला मारत नाही, बांधतो आणि त्याचे केस व मिशा वेड्यावाकड्या कापून सोडतो. एवढ्यावरही बलराम कृष्णाला सुनावतो की नातलगाची अशी विटंबना करणं आपल्याला शोभत नाही.

शत्रू हरलाय, धोका संपलाय, तर आता किती पुढे जायचं हा या गोष्टीतला प्रश्न आहे. कायद्यात ज्याला गरजेपेक्षा जास्त इजा म्हणतात, तोच.

चिखलदरा: दाद मागायला जागाच उरली नाही तर?

याच जिल्ह्यातलं चिखलदरा हे थंड हवेचं ठिकाण. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले, अशी स्थानिक परंपरा आहे. कीचकाची दरी म्हणून कीचकदरा आणि त्याचं पुढे चिखलदरा झालं, असं सांगतात.

कीचकवध हे हिंसेच्या बाजूने सांगता येईल असं सगळ्यात भक्कम उदाहरण आहे. द्रौपदी विराट राजाच्या महालात सैरंध्री म्हणून काम करत असते. राणीचा भाऊ कीचक तिच्या मागे लागतो. ती नकार देते, पळते, भर दरबारात दाद मागते. तिथेच तो तिला लाथ मारतो आणि राजा गप्प बसतो. वेषांतर केलेला युधिष्ठिरही तिला धीर धरायला सांगतो. शेवटी ती भीमाकडे जाते.

इथे काय काय जुळून आलंय ते पाहा. धोका खरा आहे आणि तो आज-उद्यावर आलाय. ज्याने संरक्षण द्यायचं त्यानेच हात वर केलेत. आणि मरतो तो खुद्द अत्याचार करणारा. म्हणून आजही कीचकवधाची गोष्ट ऐकताना फारसं कुणी कीचकाची बाजू घेत नाही.

महाभारतातच याच्या उलट उदाहरणही आहे. अश्वत्थाम्याच्या वडिलांना, द्रोणाचार्यांना, “अश्वत्थामा मेला” असं फसवून शस्त्र खाली ठेवायला लावलं आणि मग मारलं. त्याचा राग खोटा नव्हता. पण त्याने काय केलं? रात्री छावणीत शिरून झोपलेल्या पांडवपुत्रांना मारलं. मग उत्तरेच्या पोटातल्या बाळावर अस्त्र सोडलं. कपाळावरची जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा महाराष्ट्रात गावोगावी ठाऊक आहे. लोकांना त्याच्याबद्दल हळहळ वाटते. तो बरोबर होता असं मात्र कुणी म्हणत नाही.

एरेन भीमाच्या जवळचा की अश्वत्थाम्याच्या? इथवर आल्यावर उत्तराचा अंदाज येऊ लागतो.

काल्पनिक पात्रावरून सरकार घाबरलं तेव्हा

“अरे, कार्टून आहे ते. एवढं काय मनावर घेता?” असं म्हणणारेही असतात. त्यांच्यासाठी रंगभूमीवरचं हे उदाहरण.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातलीच, पण प्रेक्षक त्यात आपला काळ पाहत होते. कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारत, सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० च्या आपल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात हा अर्थ उलगडून दाखवला. त्याच वर्षी सरकारने नाटकावर बंदी घातली.

त्याच्या थोडंसं आधी, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या होत्या. सरकार धास्तावलेलं होतं. रंगमंचावरच्या भीमाला टाळ्या मिळतात, तेव्हा त्या नक्की कशाला मिळतात, हा प्रश्न त्याला पडला होता.

बंदी हे त्यावरचं उत्तर नव्हतं. पण सरकारची एक समजूत खरी होती. काल्पनिक पात्राची हिंसा योग्य की अयोग्य हे ठरवताना लोक खऱ्या जगाबद्दलही काहीतरी ठरवत असतात.

नदीपलीकडे, १६ ऑगस्ट १९४२

तिवसा तालुक्यातच, अमरावती-नागपूर महामार्गावर, गुरुकुंज मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे आश्रम उभारला. खंजिरीवर गायलेली त्यांची भजनं विदर्भातल्या खेड्यापाड्यांत पोहोचली होती. १९४२ च्या चळवळीत या भजनांनी लोकांना हलवलं. त्याच ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी महाराजांना चंद्रपुरात अटक केली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवलं.

अटकेच्या आधी काय घडलं होतं? ८ ऑगस्टला मुंबईत ‘भारत छोडो’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह बडे नेते तुरुंगात गेले. सांगणारं, आवरणारं कुणी बाहेर उरलं नाही.

१६ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी दोन गावांत जवळपास एकच घटनाक्रम घडला. एक होतं वर्धा नदीच्या पलीकडचं आष्टी. दुसरं होतं आताच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर, जिथल्या लोकांचा तुकडोजी महाराजांशी जुना ऋणानुबंध होता. दोन्हीकडे लोक मोर्चाने निघाले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, आंदोलक पडले. चिमूरमध्ये बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा मुलगा गेला. मग जमाव बेभान झाला. आष्टीत पोलीस मारले गेले. चिमूरमध्ये उपविभागीय अधिकारी डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह सरकारी माणसं मारली गेली.

आता तीन प्रश्न लावून पाहू.

समजतं का? हो. डोळ्यांसमोर गावातलं पोर गोळीने पडलं तर लोकांच्या डोक्यात काय होईल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

योग्य होतं का? इथे उत्तर इतकं सरळ नाही. गोळीबार चालू असताना केलेला प्रतिकार ही एक गोष्ट झाली. हाती सापडलेल्या माणसाला ठार मारणं ही दुसरी.

आणि पुढे काय करायचं? इथेच आष्टी-चिमूरची गोष्ट सगळ्यात जास्त शिकवून जाते.

सरकारने सूड घेतला, गांधीजींनी दया मागितली

चिमूरमध्ये काही दिवसांत फौज आली. गुन्हा कुणी केला हे शोधण्यापुरती ती थांबली नाही. पुरुषांची धरपकड झाली आणि गावातल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. सरकार चौकशीला तयार होईना. तेव्हा सेवाग्राम आश्रमातल्या प्राध्यापक भन्साळी यांनी या अत्याचारांच्या चौकशीसाठी उपोषण केलं. ते ६३ दिवस चाललं आणि जानेवारी १९४३ मध्ये थांबलं.

फौजेच्या वागण्यामागचा हिशेब काय होता? ‘या गावाने आमची माणसं मारली, म्हणून हे गाव भोगेल.’ ज्या बाईने दगडसुद्धा उचलला नव्हता, तिलाही. या हिशेबात माणूस वेगळा दिसत नाही, फक्त ‘ते’ दिसतात. सत्ताधाऱ्याने केलं तरी आणि पीडिताने केलं तरी, सामूहिक सूडाचा हिशेब हाच असतो.

दुसरीकडे खटले चालले आणि अनेकांना फाशीची शिक्षा झाली. ती रद्द व्हावी म्हणून अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं. तुरुंगातून सुटल्यानंतर १९४५ मध्ये खुद्द गांधीजींनीही या कैद्यांना फासावर देऊ नये असं जाहीर आवाहन केलं. त्याच वर्षी फाशीच्या सावटाखाली उरलेल्या कैद्यांची शिक्षा जन्मठेपेवर आली.

हे तेच गांधीजी, ज्यांनी फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौराला जमावाने २२ पोलीस मारले म्हणून देशभरातलं असहकार आंदोलन थांबवलं होतं. मग हा माणूस बदलला का? नाही. हिंसा योग्य नव्हती हे त्यांचं मत कायम होतं. लोक त्या टोकाला का गेले हे त्यांना कळत होतं. आणि बदल्यात आणखी गळे आवळून न्याय होणार नाही, हेही त्यांना दिसत होतं.

तीन प्रश्न, तीन वेगळी उत्तरं, आणि ती एकाच माणसाच्या मनात एकत्र राहू शकतात. मारणाऱ्याचा जीव वाचवायला त्याला निर्दोष ठरवावं लागत नाही.

मग एरेनचं काय?

आता कौंडण्यपूर, चिखलदरा आणि आष्टी-चिमूर इथून गोळा झालेले प्रश्न एरेनला विचारू.

धोका खरा होता का? हो. जग पॅराडिसवर चालून येणार होतं. एरेनच्या बाजूचा हा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे आणि तो मान्यच करायला हवा.

दाद मागायला जागा होती का? जवळजवळ नव्हती. विराटाच्या दरबारासारखंच जगही गप्प होतं, उलट हल्ल्याच्याच बाजूचं होतं. हाही मुद्दा एरेनकडे जातो.

गरजेपेक्षा जास्त इजा झाली का? इथून तराजू फिरतो. बेटावर चालून येणारी फौज आणि आरमार नष्ट करणं ही एक गोष्ट. थोडेच टायटन सोडून जगाला धाक दाखवायचा, तोवर बेटाची ताकद वाढवायची, हा पर्याय कथेतच मांडला गेला होता. त्यात भयंकर तडजोडी होत्या, यश मिळेलच याची खात्री नव्हती. पण ‘धाक’ आणि ‘सगळ्यांना संपवणं’ यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा होती. एरेनने ती सोडून थेट टोक गाठलं.

आणि शेवटचा प्रश्न. मेलं कोण?

यासाठी कथेत रामझी नावाचा एक मुलगा आहे. मार्लेच्या बाजारात खिसे कापून जगणारा निर्वासित पोर. एरेन त्याला जमावाच्या मारापासून वाचवतो. मग त्याच्यासमोर गुडघे टेकून रडतो, माफी मागतो, कारण आपण पुढे काय करणार आहोत हे त्याला माहीत असतं. त्या मुलाला एरेनची भाषाही कळत नाही. रंबलिंगमध्ये रामझी आणि त्याचा भाऊ दोघंही चिरडून मरतात.

रामझी कीचक नव्हता. त्याने एरेनच्या आईला मारलं नव्हतं, मार्लेचं सैन्य चालवलं नव्हतं. कुंपणाआडच्या एल्डियन लोकांसारखाच तोही जगाने लाथाडलेला होता. एरेनला स्वतःलाच हे इतकं स्पष्ट दिसत होतं की त्याने आधीच माफी मागितली. ज्या कृत्यासाठी आपण ते करण्याआधीच मरणाऱ्याची माफी मागतो, ते बरोबर आहे असं आपलं मनही म्हणत नसतं.

“पण त्याच्याकडे पर्यायच नव्हता!”

एरेनच्या चाहत्यांचा हा हुकमी मुद्दा. तो टाळून चालणार नाही.

समजा खरंच दोनच पर्याय होते, आपली माणसं मरतील किंवा सगळं जग मरेल. अशा वेळी कुणीही आपल्या माणसांकडे ओढला जाईल. ज्याने आपल्या घरादाराचा विचार केला त्याला राक्षस म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं आहे. म्हणूनच पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे.

पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, एरेन शेवटी आर्मिनजवळ कबूल करतो की बेट वाचवणं हे त्याचं एकमेव कारण नव्हतं. भिंतीबाहेरचं मोकळं जग त्याने स्वप्नात पाहिलं होतं आणि तिथे माणसं राहतात हे कळल्यावर त्याचा भ्रमनिरास झाला होता. जग सपाट करायची इच्छा त्याच्या आत कुठेतरी होतीच. म्हणजे ‘पर्याय नव्हता’ हे पूर्ण सत्य खुद्द एरेनच सांगत नाही.

दुसरी, ज्यासाठी हे सगळं केलं तेही टिकलं नाही. शेवटच्या दृश्यांत अनेक वर्षांनंतरचं पॅराडिस दिसतं. तिथे पुन्हा युद्ध होतं आणि शहर बेचिराख होतं.

याच कथेत दुसरी वाटही दाखवलेली आहे. लिबेरिओच्या हल्ल्यात गाबी या लहान मुलीच्या डोळ्यांसमोर तिचे मित्र मरतात. सूडाने पेटून ती एरेनच्या गटातल्या साशाला गोळी घालते. पुढे साशाच्या आईवडिलांसमोर हीच मुलगी उभी राहते आणि तिला मारायला सुरा समोर असतो. साशाचे वडील तिला मारत नाहीत. मुलांना या सूडाच्या जंगलातून बाहेर काढणं हे मोठ्या माणसांचं काम आहे, असा त्यांचा विचार असतो. गाबीने केलं ते बरोबर, असं ते म्हणत नाहीत. त्यांची मुलगी गेलेली असते. पण हा व्यवहार ते पुढे चालू ठेवत नाहीत.

शेवटचा संवाद का बदलला?

मांगाच्या शेवटच्या प्रकरणात आर्मिन एरेनचे आभार मानतो. आमच्यासाठी तू एवढा मोठा संहार करणारा झालास, असा त्याचा सूर होता. यावर वाचकांकडून जोरदार टीका झाली. मित्राचं दुःख समजून घेणं ठीक, पण आभार कसले?

२०२३ च्या ॲनिमेमध्ये हा संवाद बदलला. तिथे आर्मिन या पापातला आपला वाटा मान्य करतो. बाहेरच्या जगाचं स्वप्न एरेनला त्यानेच दाखवलं होतं. नरकात जायचं असेल तर दोघं बरोबर जाऊ, असं तो सांगतो. मित्रावरचं प्रेम तेवढंच आहे, फक्त आता त्या प्रेमापोटी तो कृत्याला चांगलं म्हणत नाही. पहिला प्रश्न आणि दुसरा प्रश्न इथे वेगळे झाले.

याचा आपल्याशी काय संबंध?

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच माणसांना ठेचून मारलं. ती भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती.

मारणाऱ्यांना काय वाटत होतं? आपण आपली पोरं वाचवतोय. धोका तोंडावर आलाय, पोलिसांची वाट पाहायला वेळ नाही, समोरचे ‘ते’ आहेत. एरेनच्या बाजूने दिली जाणारी जवळपास सगळी कारणं त्यांच्याकडेही होती. फरक एवढाच की धोका खराच नव्हता आणि हे तपासायला त्या क्षणी कुणी थांबलं नाही.

म्हणून ॲनिमेच्या पोस्टखाली “त्याने बरोबर केलं” असं लिहिणं हा गुन्हा नाही आणि एरेन आवडणंही चूक नाही. तो आवडावा असाच लिहिलेला आहे. त्याची चीड खरी वाटते, त्याचं रडणं खरं वाटतं. पण त्याच बोटांनी आपण उद्या एखाद्या खऱ्या व्हिडिओखालीही मत देणार असतो. ठेचून मारल्याचा, घर पेटवल्याचा, “असंच पाहिजे यांना” अशा मथळ्याचा. तिथे चीड समजली म्हणून कृत्यालाही होकार भरण्याची सवय महागात पडते.

ती सवय मोडायला मोठं तत्त्वज्ञान लागत नाही. लाइक करण्याआधी एवढं विचारलं तरी पुरे. धोका खरा होता का, थांबायला जागा होती का आणि शेवटी मेलं कोण? समोर कीचक मेलेला दिसला तर वाद घालायला वाव आहे. रामझी मेलेला दिसला तर मारणाऱ्याची गोष्ट कितीही हृदयद्रावक असो, त्याने केलं ते बरोबर नव्हतं.